परतणारं पाणी

ग्लॉस्टर. मार्चमधला मंगळवार, खोली नंबर चार.
खिडकी नाही, पडद्याचा उजेड पुरतो.
मिस्टर क्लेमंट ट्रिग, वय एकाहत्तर,
पँट घडी घालून खुर्चीवर ठेवतात,
कोर्टात टोपी काढून ठेवावी तशी.
तक्रार: चौथ्या दिव्याच्या खांबाशी
पोटरीत गोळा येतो. थांबलं की जातो.
"मागच्या साली सातव्यापर्यंत जायचो,"
म्हणतात, आणि खांब मोजल्याबद्दल ओशाळतात.

जेल गार लागेल, मी सांगते. सगळ्यांनाच सांगते.
उजव्या जांघेत प्रोब टेकवते
आणि स्पीकरमधून तो येतो:
सपकन पुढे,
चुटकन मागे,
मग जाता जाता, हलकेच, पुन्हा पुढे.
पडद्यावर एक सुळका, त्याच्या पायथ्याशी खाच,
खाचेनंतर मुठीएवढा उंचवटा.

"मागे का जातं?" ते मान उचलतात.
"रक्त मागे जाणं बरं नव्हे ना?"

बरंच असतं, मी म्हणते.
लाट खाली जाते, बारीक फांद्यांच्या तोंडाशी आपटते,
तिथून थोडी माघारी फिरते.
चांगला पाय आलेलं सगळं ठेवून घेत नाही.

ते गप्प. मग छताकडे बघत सांगू लागतात.
पन्नास वर्षं सेव्हर्नवर ईलची काचेरी पिल्लं धरली,
रात्री, जाळी खांद्यावर, मोठ्या भरतीला.
नदी आपली समुद्राकडे चाललेली
आणि खालून कंबरभर भिंत उलटी चढत येते.
"आधी ऐकू येते. दिसते मागाहून.
नुसत्या आवाजावरून सांगायचो
पुढल्या वळणावर वाळू किती बसलीय."

मी दाभोळची, खाडीकाठची.
आमच्याकडे त्याला उधाण म्हणतात,
आणि अष्टमीच्या मरगळल्या पाण्याला भांग.
अकरा वर्षांत हे शब्द इथे लागले नव्हते.
मी मोठ्याने म्हणून दाखवते.
उधाण त्यांना निम्मं जमतं. भांगाचा भ अडतो.

मग डावा पाय.
जांघेत अजून मागचं पाणी आहे, जेमतेम.
मांडीत, जिथे धमनी स्नायूच्या बोगद्यात शिरते,
तिथे रंग फुटतात, पिवळे, निळे, पांढरे,
आवाज मांजरपाट फाडल्यासारखा.
सेकंदाला चार मीटर. आकडा टिपते.
गुडघ्यामागे जाते.
एकच टेकाड. गोल, आळशी,
उशिरा चढणारं, उशिरा उतरणारं.
मागे काही नाही.
फू.
फू.
फू.

या ठिकाणी मी आवाज कमी करते. नेहमीच.
ते म्हणतात, राहू दे.
डोळे मिटून ऐकतात,
ओठ किंचित उघडे, काठावर उभं असल्यासारखे.
"बांग," म्हणतात.

निदान मी सांगायचं नसतं.
अहवाल वरच्या मजल्यावर जातो, सांगतात ते सर्जन.
मी काही बोलत नाही, प्रोब पुसते.
ते स्वतःच हात खाली नेतात,
मांडीवर चाचपतात, एक बोट रोवतात: इथे.
दोन बोटं चुकले.
मी दुरुस्त करत नाही.

पँट चढवताना म्हणतात, गुरुवारी ये मिन्स्टरवर्थला,
चर्चमागे, दहाच्या आत. बूट जुने घाल.
मी बघते म्हणाले. ड्युटी असते हे त्यांनाही ठाऊक.

गुरुवारी पावणेदहाला टेबलावर दुसराच पाय होता,
बसचालक बाईंचा, धडधाकट, उगाच पाठवलेला.
सपकन, चुटकन, आणि ते हलकं तिसरं.
दोन मिनिटांत उरकण्यासारखं काम.
मी आवाज वाढवला
आणि घड्याळात दहा होईतो
प्रोब उचललाच नाही.
बाईंनी विचारलं, काही सापडलं का?